दोन सेकंदांत विझणारा मॉनिटर : बॅकलाइटचा दोष घरी कसा शोधावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१० च्या सुमारास घेतलेला २२ इंची एलसीडी मॉनिटर सुरू केला की चित्र नीट येते, साधारण दोन सेकंदांत पडदा काळा होतो, बटणाशेजारचा निळा दिवा मात्र तसाच राहतो. बटण बंद करून पुन्हा चालू केले की तेवढाच वेळ चित्र दिसते. दुरुस्तीच्या दुकानात ‘पॅनेल गेले, नवीन घ्या’ असे सांगण्यात आले. विचारणाऱ्यांकडे मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न आहे, हातही थोडाफार बसलेला आहे. घरी काही करता येईल का?

करता येईल. पॅनेल, म्हणजे खुद्द पडदा, गेल्याचे निदान मला या लक्षणांवरून पटत नाही, कारण बिघडलेले पॅनेल दर वेळी ठरावीक काळ धड चित्र दाखवून मग काळे पडत नाही. असा मोजून मापून उजेड विझणे हे बहुतेक वेळा मॉनिटरच्या इन्व्हर्टरमधील, म्हणजे बॅकलाइटच्या (पडद्यामागच्या उजेडाच्या) ट्यूबना वीज देणाऱ्या भागातील, संरक्षक व्यवस्थेचे काम असते. इन्व्हर्टर ट्यूब पेटवतो, तिच्यातून जाणारा प्रवाह आणि तिच्यावरचे व्होल्टेज तपासतो, आणि काही वावगे आढळले की स्वतःला बंद करून घेतो. बटण पुन्हा दाबेपर्यंत तो बंदच राहतो. तेव्हा उजेड कशामुळे बंद करावा लागला, हा प्रश्न धरून शोध घ्यावा. भाग बदलण्याची पाळी त्यानंतर येते, आणि पुष्कळदा ती अगदी स्वस्त भागावर येते.

आधी टॉर्चची परीक्षा करून घ्या. संगणकावर पांढऱ्या पानावर मोठी काळी अक्षरे उघडून ठेवा, खोलीत अंधार करा, आणि पडदा काळा झाल्यावर मोबाइलचा टॉर्च काचेला जवळजवळ टेकवून तिरपा धरा. अक्षरे पुसट का होईना दिसली, माउस हलवल्यावर बाण सरकताना दिसला, तर पॅनेल, चित्र तयार करणारा मेन बोर्ड, केबल आणि संगणक हे सगळे आपापले काम करत आहेत आणि दोष फक्त मागच्या उजेडाचा आहे. टॉर्चच्या उजेडातही काहीच दिसत नसेल तर दोष अन्यत्र आहे आणि पुढचे विवेचन त्याला लागू पडणार नाही. सिग्नल न मिळाल्यामुळेही पडदा काही सेकंदांत काळा होतो. मात्र तेव्हा बहुतेक मॉनिटरचा दिवा निळ्याचा पिवळा होतो किंवा लुकलुकू लागतो. तुमच्याकडे तसे होत नाही.

त्या काळातल्या २२ इंची मॉनिटरमध्ये उजेडासाठी बहुधा एलईडी नसून सीसीएफएल, म्हणजे कोल्ड कॅथोड प्रकारच्या अतिशय बारीक ट्यूब असतात. पडद्याच्या वरच्या कडेला दोन आणि खालच्या कडेला दोन, अशी त्यांची सर्वसाधारण मांडणी असते. ट्यूबची जाडी अवघी दोन ते तीन मिलिमीटर, लांबी जवळजवळ पडद्याच्या रुंदीएवढी. आत पाऱ्याची वाफ आणि काचेला आतून फॉस्फरचा लेप, म्हणजे तत्त्व आपल्या छताखालच्या ट्यूबलाइटचेच. पण हिला तापणारी तार नसते, त्यामुळे ती पेटवायला हजार व्होल्टच्या वर आणि पेटल्यावर चालू ठेवायला सहाशे-आठशे व्होल्ट लागतात. प्रवाह मात्र पाच ते आठ मिलिअँपिअर एवढाच. सप्लाय बोर्डावरच्या, म्हणजे मॉनिटरला वीज पुरवणाऱ्या बोर्डावरच्या, १२ ते २० व्होल्ट डीसीपासून हे उच्च व्होल्टेज सेकंदाला चाळीस-पन्नास हजार आवर्तनांच्या वेगाने तयार करणारा भाग म्हणजे इन्व्हर्टर. २२ इंची मॉनिटरमध्ये तो बहुधा सप्लाय बोर्डावरच असतो.

पेचकस हातात घेण्यापूर्वी ती दोन सेकंदे नीट पाहा, कारण संरक्षक व्यवस्थेला जे दिसते त्यातले बरेच तुम्हालाही दिसू शकते. अंधारात, पडदा पूर्ण पांढरा ठेवून, मॉनिटर चालू करा आणि वरची व खालची कड यांची तुलना करा. एक कड दुसरीपेक्षा स्पष्टपणे मंद असेल किंवा अजिबात उजळत नसेल तर त्या कडेची एखादी ट्यूब किंवा तिचा जोड संशयित ठरतो. उजेड पांढरा न येता तांबूस किंवा गुलाबी येत असेल तर ट्यूब म्हातारी झाली असे समजावे. या ट्यूबची चमक निम्म्यावर येण्याचा काळ साधारण २५ ते ५० हजार तासांचा धरला जातो आणि रोज आठ-दहा तास चाललेला जुना मॉनिटर तिथवर पोचलेला असू शकतो. मागून बारीक ‘चर्र’ असा आवाज येत असेल किंवा ओझोनचा तिखट वास येत असेल तर कुठेतरी ठिणगी उडते आहे. दोन्ही कडा सारख्याच पांढऱ्या, पण संपूर्ण पडदा विझण्यापूर्वी एकदा थरथरतो, असे असेल तर माझा संशय ट्यूबवरून उठून सप्लायच्या कपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या भागावर) जाईल. आणखी एक प्रयोग फुकट करता येतो : त्या दोन-दोन सेकंदांत मेनूत जाऊन ब्राइटनेस २० पर्यंत खाली आणा. कमी ब्राइटनेसवर उजेड टिकून राहिला तर सप्लायला पूर्ण भार झेपत नाही, हा अंदाज बळावतो.

आता सुरक्षेविषयी, आणि हा भाग कृपया वगळू नका. सप्लाय बोर्डावर सर्वांत जाडजूड दिसणारा, ४०० किंवा ४५० व्होल्ट लिहिलेला कपॅसिटर असतो. आपल्याकडच्या २३० व्होल्ट एसीचे डीसी झाल्यावर त्यावर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यानंतरही काही काळ, बोर्डात दोष असेल तर बराच काळ, ते तसेच राहू शकतात. प्लग काढून दहा मिनिटे थांबा आणि मल्टिमीटर १००० व्होल्ट डीसीवर ठेवून त्या कपॅसिटरच्या दोन टोकांवर मोजा. दहा व्होल्टपेक्षा अधिक दिसले तर ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब होल्डरमध्ये बसवून त्याच्या दोन वायरी त्या टोकांना लावा, किंवा पाच वॅटचा २.२ किलोओहमचा रेझिस्टर पक्कडीत धरून लावा. एक-दोन सेकंदांत तो रिकामा होतो. त्यानंतर पुन्हा मोजा, कारण बल्बची तार तुटलेली असेल तर काहीच झालेले नसते. पेचकसाने दोन्ही टोके जोडून कपॅसिटर ‘फोडण्याची’ जी पद्धत दुकानांत दिसते तिने बोर्डावरचे पट्टे उडतात आणि कधी पेचकसाचे टोकही वितळते. ती अनुकरणीय नाही. चालू स्थितीत ट्यूबच्या जोडांवर साध्या मल्टिमीटरने कधीही मोजू नये. तेथील व्होल्टेज आणि आवर्तने दोन्ही त्याच्या क्षमतेबाहेरची असल्याने मीटर जळतो, आणि प्रोबच्या इन्सुलेशनचा तर मुळीच भरवसा नसतो.

मॉनिटर उघडताना टेबलावर जाड चादर पसरून पडदा पालथा ठेवा, स्टँड काढा, मागचे स्क्रू काढा. त्यानंतर जी खटक्यांची चौकट राहते ती खालच्या कडेपासून जुन्या एटीएम कार्डाने हळूहळू सोडवावी. धातूचा पेचकस घातल्यास पॅनेलची कड टवकण्याची भीती असते. समोरच्या चौकटीला बटणांची बारीक पट्टीकेबल जोडलेली असते, ती झटक्याने तुटू देऊ नका. ट्यूबच्या गुलाबी, पांढऱ्या किंवा निळ्या वायरींचे जोड आणि पॅनेलकडे जाणारी चपटी केबल सोडवण्याआधी मोबाइलवर जवळून फोटो घ्या. हे फोटो कपॅसिटरची दिशा तपासायलाही नंतर उपयोगी पडतात.

बोर्ड हातात आल्यावर प्रथम नुसते पाहावे. मुंबई आणि कोकणपट्टीच्या दमट, खारट हवेत इन्व्हर्टरच्या ट्रान्सफॉर्मरभोवती हिरवट गंज आणि धुळीचा ओलसर थर जमलेला आढळतो, आणि उच्च व्होल्टेजला वाट सापडायला तेवढे पुरते. पावसाळ्यात उबेला आत शिरलेली पाल बोर्डावर चिकटून मेलेली सापडणे हाही आपल्याकडचा नेहमीचा प्रकार आहे. अशी घाण आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने साफ करून बोर्ड पूर्ण वाळू द्यावा; कधी कधी एवढ्यानेच काम होते. ट्यूबच्या जोडांभोवती काळा डाग, ट्रान्सफॉर्मरच्या पायांभोवती सोल्डरमध्ये उमटलेली गोल बारीक भेग, वितळलेले प्लॅस्टिक, यांपैकी काही असेल तर ते भिंगाखाली दिसते. अशी भेग म्हणजेच ड्राय सोल्डर. ट्रान्सफॉर्मर तापून-थंड होऊन वर्षानुवर्षे हलत राहतो, आणि त्याचे पाय सांध्यातून सैल होतात. संशय असो वा नसो, सगळ्या ट्रान्सफॉर्मरचे आणि ट्यूबच्या जोडांचे पाय फ्लक्स लावून नव्या सोल्डरने एकदा पक्के करून घ्यावेत.

त्यानंतर कपॅसिटर. सप्लायच्या कमी व्होल्टेजच्या बाजूला ४७०, ६८० किंवा १००० मायक्रोफॅरडचे, १६ किंवा २५ व्होल्टचे पाच-सात उभे कपॅसिटर ओळीने असतात. चांगल्या कपॅसिटरचा वरचा माथा सपाट असतो. बिघडलेल्याचा माथा फुगून किंचित घुमटासारखा होतो, बोट फिरवले तरी तो उंचवटा जाणवतो. कधी माथ्यावरच्या फुलीतून तपकिरी चिकट द्रव बाहेर येऊन वाळलेला असतो, कधी कपॅसिटर खालच्या रबरावरून किंचित तिरका उचललेला असतो. या शतकाच्या पहिल्या दशकात जगभर निकृष्ट इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर मोठ्या प्रमाणात वापरले गेले आणि त्या काळातले मदरबोर्ड व मॉनिटर त्यापायी हजारोंनी निकामी झाले. तुमचा मॉनिटर त्या काळाच्या अगदी शेवटी बनलेला आहे. माथा सपाट असला म्हणून कपॅसिटर निर्दोष ठरत नाही, हेही लक्षात ठेवावे. आतला रोध वाढलेला कपॅसिटर मल्टिमीटरच्या मायक्रोफॅरड रेंजवर जवळजवळ बरोबर आकडा दाखवतो आणि तरीही भाराखाली कोसळतो. हाच आतला रोध मोजणारे ईएसआर मीटर असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर भाराखालचे व्होल्टेज मोजणे हाच सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

ते असे मोजावे. सगळे जोड जसेच्या तसे लावून, बोर्ड आपल्या धातूच्या पेटीत स्क्रूने पक्का बसवून, मॉनिटर पालथा न ठेवता उभा टेकवा. स्क्रू वगळू नका, कारण इन्व्हर्टरची जमीन (ग्राउंड) पुष्कळदा त्यांच्यातूनच जाते. काळा प्रोब मगरचिमट्याने धातूच्या पेटीला लावा, लाल प्रोब एका हाताने सप्लाय बोर्डाकडून मेन बोर्डाकडे जाणाऱ्या जोडाच्या पिनांवर धरा, दुसरा हात मॉनिटरपासून लांब ठेवा. पिनांची नावे बोर्डावर छापलेली असतात : एक ५ व्होल्टची, एक १२ ते २० व्होल्टमधली, जिचा अचूक आकडा बहुधा शेजारीच लिहिलेला असतो, एक बॅकलाइट चालू करण्याची आणि एक ब्राइटनेसची. मोठ्या व्होल्टेजच्या पिनेवर प्रोब ठेवून मॉनिटर चालू करा. समजा छापलेला आकडा १६ आहे; उजेड आल्यावर तो १५.५ च्या आसपास स्थिर राहिला तर सप्लाय ठीक आहे. उजेड येताच तो दोन-तीन व्होल्टांनी खाली गेला, किंवा मीटरवरचे अंक नाचू लागले, तर कपॅसिटर दोषी. मग बॅकलाइट चालू करण्याच्या पिनेवर मोजा. तेथे ३ ते ५ व्होल्ट आले पाहिजेत आणि पडदा काळा झाल्यावरही ते तसेच राहिले पाहिजेत. ते राहिले, तर मेन बोर्ड उजेड मागत आहे आणि इन्व्हर्टर नाकारत आहे. पडदा काळा होताना तेही शून्यावर गेले तर बंद करण्याचा हुकूम मेन बोर्डाकडून आला आहे आणि इन्व्हर्टर उकलत बसण्यात अर्थ नाही.

कपॅसिटर बदलायचे ठरले तर कमी व्होल्टेजच्या बाजूचे सगळे एकदमच बदला. एक फुगला तेव्हा बाकीच्यांनीही तेच तापमान सोसलेले असते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत मागताना ‘लो ईएसआर, १०५ डिग्री’ असे स्पष्ट सांगावे. ८५ डिग्रीचा साधा कपॅसिटर बसवून मॉनिटर लगेच चालू होतो खरा, पण तो अशा ठिकाणी फार काळ टिकत नाही. मायक्रोफॅरड तेवढेच ठेवा, व्होल्टेज तेवढे किंवा एक पायरी वरचे चालते. मात्र व्यास आणि उंची मोजून न्या, कारण मॉनिटरच्या पेटीत जागा बेताची असते. दहा मिलिमीटर व्यासाच्या कपॅसिटरच्या पायांत पाच मिलिमीटर अंतर असते, आठच्यात साडेतीन. कपॅसिटरवर छापलेल्या पट्ट्याकडचा पाय ऋण. बोर्डावर ऋण बाजू बहुधा रंगवलेली असते, पण सगळेच बनवणारे ती प्रथा पाळत नाहीत, म्हणून छपाईपेक्षा स्वतः काढलेल्या फोटोवर विसंबावे. जुने सोल्डर सहज वितळत नसेल तर त्यावर थोडे नवे घालून मग विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या जाळीने) उचला. स्वस्त तपकिरी बोर्डावर आयर्न दाबून धरले तर तांब्याचा पट्टाच उखडून येतो.

व्होल्टेज स्थिर असेल आणि उजेड तरीही विझत असेल तर संशय ट्रान्सफॉर्मर आणि ट्यूब यांच्यावर येतो. प्लग काढून, मोठा कपॅसिटर रिकामा असल्याची खात्री करून, ट्यूबचे जोड काढा आणि प्रत्येक ट्रान्सफॉर्मरच्या उच्च व्होल्टेजच्या गुंडाळीचा रोध ओहम रेंजवर मोजा. ही गुंडाळी केसाहून बारीक तारेची असल्याने रोध काहीशे ओहमपासून हजार-दीड हजार ओहमपर्यंत येतो. नेमका आकडा महत्त्वाचा नाही, तुलना महत्त्वाची आहे. तीन गुंडाळ्या ९०० च्या आसपास आणि एक ६०० दाखवत असेल तर तिचे वेढे आतल्या आत जुळले आहेत. एक काहीच दाखवत नसेल तर तार तुटली आहे. ट्रान्सफॉर्मरवरचा क्रमांक घेऊन बाजारात तोच शोधावा. त्याच्याजवळपासचा चालत नाही.

गुंडाळ्या सारख्या असतील तर ट्यूब उरतात. तुमच्याकडे चांगली ट्यूब नसेल तर वरच्या आणि खालच्या कडेचे जोड अदलाबदल करून पाहा, वायरी पोचत असतील तर. मंद असलेली कड बदलली नाही तर ट्यूब वाईट, मंदपणा दुसऱ्या कडेला गेला तर इन्व्हर्टरचा तो भाग वाईट. चांगली परीक्षेची ट्यूब मिळाली तर तिची लांबी जुळण्याचीही गरज नाही. एकेका ट्यूबच्या जागी ती लावत जायचे, ज्या जागी लावल्यावर उजेड टिकतो त्या जागेची मूळ ट्यूब गेलेली आहे.

येथे एका प्रचलित युक्तीविषयी सांगणे आवश्यक आहे. इन्व्हर्टरच्या नियंत्रक आयसीची संरक्षणाची पिन जमिनीला जोडली की उजेड विझत नाही, म्हणून काही ठिकाणी दुरुस्ती म्हणून नेमके एवढेच करून मॉनिटर परत दिला जातो. तसे केल्यावर ज्या ठिणगीमुळे इन्व्हर्टर बंद होत होता ती ठिणगी तासन्‌तास चालू राहते, तीही प्लॅस्टिक आणि धूळ यांच्या शेजारी. घराला आग लावण्याची ही सोय आहे. दुसरी युक्ती गेलेल्या ट्यूबच्या जागी १०० किलोओहमचा रेझिस्टर बसवण्याची. सहा मिलिअँपिअर प्रवाहाला त्यावर ६०० व्होल्ट पडतात आणि साडेतीन वॅटहून अधिक उष्णता निर्माण होते. उच्च व्होल्टेज सोसणारा जाड रेझिस्टर काही मिनिटे लावून निदान पक्के करायला हरकत नाही, पण तो आत ठेवून झाकण लावू नये.

ट्यूब बदलणे हे या सगळ्यातले सर्वांत नाजूक काम आहे. काही पॅनेलमध्ये बाजूचा एक स्क्रू काढला की पन्हाळीसारखी धातूची पट्टी ट्यूबसकट सरकून बाहेर येते; तसे असेल तर तुम्ही नशीबवान. इतरांमध्ये पॅनेलची चौकट उघडावी लागते, आणि मग काचेच्या कडेला चिकटलेल्या नारिंगी-तपकिरी पातळ फितींना जपावे लागते. त्यांतली एक जरी मोडली तरी पडद्यावर कायमची रेघ येते आणि ती घरी दुरुस्त होत नाही. पंखा बंद ठेवा, सुती हातमोजे घाला. आतल्या पांढऱ्या आणि चमकदार फिल्म काढण्याआधी एका कोपऱ्यात क्रमांक टाका, कारण त्यांची बाजू आणि क्रम दोन्ही महत्त्वाचे असतात. नवी ट्यूब घेताना वायरी सोडून फक्त काचेची लांबी आणि व्यास मोजा. एका कडेच्या दोन्ही ट्यूब एकत्रच बदला, नाहीतर उजेडाचा रंग वेगवेगळा दिसतो. वायर जोडताना टोकाला वाकवू नका आणि रबरी टोपी पुन्हा पूर्ण चढवा. तीच ठिणगी अडवते. ट्यूब फुटलीच तर खिडक्या उघडून खोलीबाहेर जा, थोड्या वेळाने तुकडे जाड कागदाने आणि चिकटपट्टीने उचला, झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका. आत पारा काही मिलिग्रॅमच असतो, पण तो श्वासावाटे घेण्याचे काही कारण नाही.

माझे मत विचाराल तर चारपैकी दोन किंवा अधिक ट्यूब गेल्या असतील तर नव्या ट्यूब शोधत बसण्यापेक्षा एलईडीचा संच बसवणे शहाणपणाचे आहे, कारण योग्य लांबीच्या ट्यूब आता बाजारात कष्टाने मिळतात. या संचात ५४० मिलिमीटर लांबीच्या, २४ इंचापर्यंत चालणाऱ्या दोन पट्ट्या आणि एक छोटा ड्रायव्हर (एलईडींना वीज देणारा बोर्ड) असतो. पट्टी तीन-तीन एलईडींच्या खुणेवर कापता येते. ड्रायव्हरला १० ते ३० व्होल्टमधले व्होल्टेज चालत असल्याने त्याची धन वायर सप्लायच्या त्याच मोठ्या व्होल्टेजच्या रेषेला आणि ऋण वायर जमिनीला जोडावी, आणि उरलेल्या दोन वायरी मेन बोर्डाच्या चालू-बंद व ब्राइटनेसच्या पिनांना. काही मॉनिटरमध्ये ब्राइटनेसचा संकेत उलटा असतो. मेनूत १०० केल्यावर उजेड कमी होऊ लागला तर संच वाईट आहे असे समजू नका. जुन्या इन्व्हर्टरचा फ्यूज काढून टाकणे मात्र विसरू नये, नाहीतर तो मोकळ्या जोडांवर हजार व्होल्ट फेकत राहील.

मॉनिटर उघडल्यावर आत ट्यूबऐवजी पहिल्यापासूनच एलईडी निघाले, तर तर्क तोच, आकडे वेगळे. आठ-दहा एलईडी एका ओळीत आणि अशा चार ते सहा ओळी एका कडेला, म्हणून एका ओळीला पंचवीस-तीस व्होल्ट किंवा अधिक लागतात आणि ते व्होल्टेज वाढवणारे बूस्ट सर्किट तयार करते. पट्टीकडे जाणाऱ्या जोडाच्या धन पिनेवर मोजा. ते व्होल्टेज सप्लायएवढेच, म्हणजे १२ किंवा १९ च्या आसपास थांबले असेल तर बूस्ट सुरूच झालेले नाही : चालू करण्याचा संकेत नाही किंवा ड्रायव्हर आयसी गेलेली आहे. शून्य असेल तर बोर्डावरचा चिमुकला फ्यूज मल्टिमीटरच्या बझरवर तपासा, आणि तो उडाला असेल तर नवा लावण्याआधी मॉसफेट (स्विचचे काम करणारा ट्रान्झिस्टर) व डायोड शॉर्ट आहेत का ते पाहा. व्होल्टेज एकदम वर जाऊन खाली पडत असेल तर एखादी ओळ तुटलेली आहे. मग ओळींच्या परतीच्या पिनांवर एकेक करून मोजा : चांगल्या ओळींवर एखादा व्होल्ट किंवा त्याहून कमी, तुटलेल्या ओळीवर शून्य, एखादा एलईडी शॉर्ट असलेल्या ओळीवर इतरांपेक्षा ठळक जास्त. टीव्ही दुरुस्तीवाल्यांकडे असतो तो एलईडी बॅकलाइट टेस्टर हे काम क्षणात करतो. पट्टी बदलायची तर ॲल्युमिनियमच्या पट्टीवरचा जुना उष्णतावाहक टेपही बदलावा. तो सैल राहिल्यास नवे एलईडीही तापून लवकर जातात.

दुरुस्ती झाल्यावर मागचे झाकण लावण्याची घाई करू नका. ब्राइटनेस १०० वर ठेवून तासभर चालू द्या, मधून मधून मोठ्या व्होल्टेजची रेषा मोजा, वास आणि आवाज यांकडे लक्ष ठेवा. मग बंद करून पूर्ण थंड होऊ द्या आणि पुन्हा चालू करून पाहा, कारण म्हातारी ट्यूब गरम असताना सहज पेटते आणि थंड असताना अडते. सगळे ठीक असेल तर झाकण लावून ब्राइटनेस ६०-७० च्या आसपास ठेवा. कपॅसिटर आणि ट्यूब दोघांनाही ते मानवते. काढलेल्या ट्यूब वर्तमानपत्रात गुंडाळून, खोक्यात ठेवून अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्याव्यात. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत मॉनिटरही येतो, आणि भंगारवाल्याच्या पोत्यात त्या ट्यूब फुटणारच.

यानंतरही उजेड विझत राहिला तर सप्लायवर छापलेले व प्रत्यक्ष मोजलेले व्होल्टेज, उजेड विझल्यावर चालू-बंद पिनेवरचे व्होल्टेज, आणि चारही गुंडाळ्यांचे रोध कळवा. एवढ्या मापांवरून पुढचा दोष बहुतेक वेळा दुरूनही सांगता येतो.